कळसूबाईहून उंच तळ्याकाठी

कळसूबाईचा माथा समुद्रसपाटीपासून १६४६ मीटरवर आहे. महाराष्ट्रात त्याहून उंच जागा नाही. अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातलं जॅक्सन लेक तुडुंब भरलेलं असतं तेव्हा त्याचं पाणीच २०६४ मीटरवर असतं. उन्हाळ्यासाठी मुलाकडे किंवा मुलीकडे आलेले आईबाबा त्या काठावर गाडीतून पाय खाली टाकतात, तेव्हा एक पायरीही न चढता ते महाराष्ट्रातल्या कुठल्याही डोंगरमाथ्याच्या चारशे मीटर वर पोचलेले असतात. पहिल्या दिवशी जरा भरभर चाललं तरी धाप लागते, डोकं जड होतं, रात्री झोप तुटक लागते. बहुतेकांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हायसं वाटतं. पण ज्यांना हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास आहे त्यांनी तिकिटं काढण्याआधी डॉक्टरांना विचारायला हवं, आणि सहलीचा आराखडा करणाऱ्याने हा आकडा कागदावर सगळ्यांत वर लिहायला हवा.

अमेरिकेतल्या मराठी घरांत मे ते सप्टेंबर हा आईवडिलांचा मोसम. ‘यंदा यलोस्टोन करून टाकू’ हे वाक्य त्या दिवसांत अनेक घरांत ऐकू येतं. सॉल्ट लेक सिटीपर्यंत विमान, तिथून गाडी, यलोस्टोनला दोन रात्री, जाता-येता ग्रँड टीटनचे डोंगर खिडकीतून. या आखणीत ‘करून टाकू’ एवढंच उरतं. आईवडील सोबत असताना हे उलटं करावं, असं माझं ठाम मत आहे. मुक्काम टीटनला, जॅक्सन लेकच्या पूर्व काठावरच्या कोल्टर बे या वस्तीत टाकावा. तीन-चार रात्री तिथून हलू नये. यलोस्टोनचं दक्षिणेकडचं प्रवेशद्वार तिथून फार लांब नाही; वाटलं तर एक दिवस जाऊन यावं.

कारण या डोंगरांच्या घडणीतच आहे. टीटन रांगेला पायथ्याच्या टेकड्या नाहीत. रांगेच्या पूर्व कडेने जमिनीत मोठा भ्रंश आहे. त्या भ्रंशावर एक बाजू वर सरकत गेली, दुसरी खाली बसत गेली. वर गेली ती रांग, खाली बसली ती दरी. पुढे हिमनद्यांनी दरीत खोल खड्डा कोरला आणि त्यात तळं साठलं. परिणाम असा, की पाणी संपतं तिथे भिंत सुरू होते. १२,६०५ फुटांचा माउंट मोरन कोल्टर बेच्या काठावरून पायथ्यापासून शेंड्यापर्यंत दिसतो, मधे काहीही आडवं येत नाही. हिमालयात असं दृश्य बघायला आधी पुष्कळ चढावं लागतं. इथे गुडघेदुखीचा माणूस खुर्ची टाकून बसला तरी त्याच्या वाट्याला काही कमी येत नाही. काठाने जाणारी दोन मैलांची पायवाट जवळजवळ सपाट आहे. सकाळी वारा पडलेला असतो तेव्हा ती चालावी. दुपारनंतर वारा सुटतो, ढग जमतात, कधी विजाही कडाडतात.

आता राहायचं कुठे? कोल्टर बेला चारही तऱ्हा एकाच आवारात आहेत. लाकडी ओंडक्यांच्या केबिन आहेत. त्यांतल्या बऱ्याच जुन्या आहेत, या खोऱ्यातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून उचलून इथे आणून बसवलेल्या. तंबू-केबिन आहेत: दोन भिंती ओंडक्यांच्या, दोन कॅनव्हासच्या, आत फळ्यांचे पलंग आणि लाकूड जाळायची शेगडी, स्वच्छतागृह सामायिक. झाडांमध्ये विखुरलेलं मोठं कॅम्पग्राउंड आहे. आणि वीज, पाणी, सांडपाणी या तिन्ही जोडण्या असलेला आरव्ही पार्क आहे. किराणा दुकान, कपडे धुण्याची यंत्रं, अंघोळीची सोय, नौकाधक्का, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. ही वस्ती १९५०च्या दशकात ‘मिशन ६६’ या योजनेत उभी राहिली. युद्धानंतर अमेरिकी कुटुंबं गाड्या काढून उद्यानांकडे लोटली होती, त्यांची नीट सोय लावण्यासाठी राष्ट्रीय उद्यान सेवेने आखलेली ही योजना.

आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, याची भुरळ मोठी आहे आणि ती खोटी नाही. स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःचं स्वच्छतागृह, स्वतःची अंथरुणं. पण भाड्याची आरव्ही ठरवण्याआधी तिची लांबी बघा. कुटुंबाला पुरेल अशी आरव्ही साधारण पंचवीस फुटांची असते. टीटनमधल्या मूस-विल्सन रस्त्यावर २३.३ फुटांपेक्षा लांब वाहनाला मनाई आहे आणि आरव्हीला तर मुळातच बंदी आहे. सिग्नल माउंटनच्या माथ्यावर जाणारा रस्ताही आरव्हीला बंद. जेनी लेकच्या कॅम्पग्राउंडमध्ये फक्त तंबू चालतात, आणि तिथल्या वाहनतळावर उन्हाळ्यात साध्या गाडीलाही जागा मिळायची मारामार. आयडाहोकडून येणारा टीटन पासचा घाट दहा टक्के उताराचा आहे. भाड्याची, सवय नसलेली जड गाडी त्यावरून उतरवू नये. जून २०२४मध्ये याच घाटरस्त्याचा एक तुकडा खचून दरीत गेला होता आणि काही आठवडे वाहतूक बंद होती. सॉल्ट लेककडून येणाऱ्याला सुदैवाने हा घाट टाळता येतो. गाडीला जॅक्सन गावापर्यंत पाच तास लागतात. आरव्हीला सहा-सात धरा, तिथून कोल्टर बे आणखी तासभर.

दुसरी अडचण रोजची. आरव्हीने हरणं बघायला जायचं म्हणजे अख्खं घर घेऊन जायचं. विजेची केबल काढा, पाण्याची नळी काढा, कपाटांच्या कड्या लावा, ओट्यावरचा डबा आत ठेवा, मग निघा. आणि रात्रीचा प्रश्न: चालकाच्या डोक्यावरचा पलंग शिडीने चढायचा, टेबल मोडून केलेल्या पलंगावर पाठ अवघडते, स्वच्छतागृहात वळायला जागा नाही. सत्तरीच्या माणसाला रात्री दोनदा उठावं लागतं हे आराखडा करणारा तरुण मुलगा सहसा धरत नाही.

मग केबिन घ्यावी तर तिला स्वयंपाकघर नाही. अंथरूण उबदार, खोली टुमदार, पण चहा करायचा तर बाहेर. शाकाहारी, त्यात आठवड्यातून एक उपवास, त्यात मधुमेह, अशा माणसाला तीन दिवस उपाहारगृहाच्या पदार्थांवर ठेवणं हा छळ आहे.

माझा कौल असा: दोन्ही घ्या. ज्येष्ठांसाठी एक केबिन, मुलानातवंडांसाठी त्याच वस्तीत आरव्हीची जागा, आणि फिरायला एक साधी गाडी. खर्च वाढतो, हे खरं. तो झेपत नसेल तर रात्री कमी करा, सोय कमी करू नका. दिवसभर सगळे आरव्हीच्या चांदणीखाली, जेवण तिथे, पत्ते तिथे. रात्री आजी-आजोबा आपल्या खोलीत. एकाच आवारात या सगळ्या तऱ्हा असलेली जागा डोंगरातल्या तळ्याकाठी सहज सापडत नाही, म्हणून तर कोल्टर बे.

स्वयंपाकाचं मात्र आधी ठरवा. या उंचीवर हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी साधारण ९३ अंश सेल्सियसलाच उकळतं. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर रटरटत राहते आणि तरी दाताखाली येते. कुकर हवाच. विजेवरचा घ्यायचा तर हिशेब करा: लहान आरव्हीची जोडणी बहुधा तीस अँपिअरची, म्हणजे एकशेवीस व्होल्टला ३६०० वॅट. एसी चालू, विजेचा कुकर चालू आणि कुणी चहाची किटली लावली की खटका पडतो. पुण्याहून आणलेला मिक्सर तिथे उपयोगाचा नाही, तो दोनशेतीस व्होल्टचा. चटण्या घरूनच करून न्याव्यात. मेतकूट, दाण्याची चटणी, भाजणी, भाजलेला रवा, गोडा मसाला एवढं असलं की पहिल्या दोन रात्री निभतात. फोडणीचं धोरण वेगळं. आरव्हीत छपराला हात टेकतो, धुराचा भोंगा शेगडीपासून दोन हातांवर. मोहरी तडतडून मिरची पडली की तो बोंबललाच. फोडणी घरी करून बाटलीत भरून नेणं हा उपाय अनेक सुगरणींनी आपापला शोधून काढला आहे, आणि तो उत्तम आहे.

आता ज्या गोष्टीबद्दल जाहिराती चकार शब्द काढत नाहीत ती. आरव्हीच्या पोटात तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची. दुसरी मोरी आणि न्हाणीच्या पाण्याची, तिला करडी टाकी म्हणतात. तिसरी संडासाची, काळी. तिसरी मोठी नसते, शंभर लिटरच्या आसपास. कागदाऐवजी पाणी वापरणाऱ्या आपल्या घरात ती लवकर भरते. ही सवय सोडायची नाही, फक्त टाकी रिकामी करण्याच्या फेऱ्या त्या हिशेबाने धरायच्या. पार्कात जोडणी असली तरी काळ्या टाकीचा खटका सतत उघडा ठेवायचा नाही. पाणी वाहून जातं आणि घट्ट मळ तळाशी थर धरून बसतो. टाकी भरत आली की रबरी मोजे चढवा. जाड नळीचं एक तोंड गाडीला फिरवून घट्ट बसवा, दुसरं जमिनीतल्या तोंडात, वर दगड किंवा वजन. नळीला एक पारदर्शक कोपर असतो, तो गाडीच्या बाजूला लावा. आधी काळ्या टाकीचा खटका ओढा. कोपरातून सगळं दिसतं, आवाज येतो, मग धार बारीक होते. तो बंद करून करड्या टाकीचा ओढा. साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. क्रम उलटा केला तर नळी घाण राहते आणि ती घाण पुढच्या मुक्कामापर्यंत सोबत येते. कढईतलं तेल आणि हळदीचा लगदा मोरीत सोडू नका. कागदाने पुसून कचऱ्यात टाका, मग भांडी धुवा. घरातल्या सगळ्यांनी, अगदी दहा वर्षांच्या नातवानेही, हे एकदा उभं राहून बघावं असं मला मनापासून वाटतं. रोज आपण किती पाणी घाण करतो ते घरी कधी दिसत नाही.

आणि त्या पाण्याचा एक थेंबही जमिनीवर ओतायचा नाही. चूळसुद्धा झाडीत टाकायची नाही. हे नियम जाचक वाटले तर हा काठ मोकळा कसा राहिला ते ऐकायला हवं.

जॅक्सन लेक मुळात नैसर्गिक तळं, पण आज दिसतं तेवढं मोठं ते धरणामुळे. आधी ओंडक्यांचा बांध घातला होता, तो १९१०मध्ये फुटला. मग १९११ ते १९१६ या काळात काँक्रीट आणि मातीचं धरण बांधलं गेलं. जवळजवळ त्याच सुमारास आपल्याकडे प्रवरेवर भंडारदऱ्याचं काम चालू होतं. तिकडचं पाणी नगर जिल्ह्यातल्या शेतांना, इथलं पाणी स्नेक नदीतून शेजारच्या आयडाहो राज्यातल्या बटाट्याला आणि साखरबिटाला. धरणाने तळ्याची पातळी सुमारे एकोणचाळीस फूट चढली आणि काठची झाडं पाण्यात उभीच्या उभी मेली. वाळलेल्या खोडांचं ते कुंपण १९३०च्या दशकात, मंदीच्या काळात सरकारने कामाला लावलेल्या तरुणांच्या तुकड्यांनी तोडून काठ साफ केला. आज आपण जिथे पाय बुडवतो तो काठ त्यांच्या हातचा आहे.

खोरं तोवर खाजगी मालकीचं होत चाललं होतं. १९२६मध्ये जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर तिथे आले. उद्यान सेवेचे होरेस ऑलब्राइट यांनी त्यांना रस्त्याकडेच्या टपऱ्या, जाहिरातफलक, विजेच्या तारा दाखवल्या. रॉकफेलर यांनी आपलं नाव मागे ठेवून स्नेक रिव्हर लँड कंपनी काढली आणि पस्तीस हजार एकरांच्या आसपास जमीन गुपचूप विकत घेतली, ती राष्ट्राला देण्यासाठी. नाव फुटलं तेव्हा खोऱ्यातले गुरं पाळणारे खवळले, आणि त्यांचं सगळंच चुकीचं होतं असं नाही. चराईवर त्यांचं पोट होतं आणि विकताना गिऱ्हाईक कोण ते त्यांना सांगितलं नव्हतं. अमेरिकी काँग्रेसने वर्षानुवर्षं दाद दिली नाही. शेवटी मार्च १९४३मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी वटहुकमासारखी घोषणा करून हा भाग राष्ट्रीय स्मारक ठरवला. लगेच मे महिन्यात सिनेनट वॉलेस बीरी पुढे आणि मागे शेकडो गुरं, असा परवानगीविना मोर्चा त्या जमिनीवरून निघाला. मोर्चातले क्लिफ हॅन्सन पुढे वायोमिंगचे गव्हर्नर आणि सिनेटर झाले, आणि उद्यान वाढलं ते योग्यच झालं असं त्यांनी नंतर मान्य केलं. १९५०मध्ये सगळं मिळून आजचं ग्रँड टीटन राष्ट्रीय उद्यान झालं. इतकं भांडण होऊन मोकळा राहिलेला काठ आहे हा.

त्याही आधीची वस्ती वेगळीच. १९८०च्या दशकात धरणाच्या मजबुतीसाठी पाणी उतरवलं तेव्हा बुडीत काठावर हजारो वर्षांपूर्वीच्या मुक्कामांच्या खुणा उघड्या पडल्या. शोशोनी आणि इतर जमातींचे पूर्वज बर्फ वितळलं की इथे येत, कंद खणत, शिकार करत आणि हिवाळ्याआधी उतरून जात. उन्हाळ्यापुरतं यायचं आणि थंडीआधी निघायचं, हा या काठाचा फार जुना रिवाज आहे. कोल्टर बेही मेअखेर उघडतं आणि सप्टेंबरअखेर मिटतं.

धरण असल्याचा परिणाम सहलीवरही होतो. शेतांना पाणी सोडत गेले की ऑगस्टनंतर तळं उतरतं, काठाला गोट्यांचा रुंद पट्टा उघडा पडतो. २०२१च्या दुष्काळी उन्हाळ्यात पाणी इतकं खाली गेलं की नौकाधक्के मोसम संपण्याआधीच बंद करावे लागले. नौकेत बसायचं मनात असेल तर जूनअखेर ते जुलै बरा. डास असतात, पण रानफुलंही तेव्हाच. ऑगस्टमध्ये कधी वणव्यांचा धूर येऊन डोंगर दिसेनासे होतात. सप्टेंबरचा उत्तरार्ध सोनेरी अ‍ॅस्पेनचा आणि एल्क सांबरांच्या हाकांचा, मात्र रात्री गोठवणाऱ्या. जुलैतसुद्धा रात्री पारा पाच अंशांपर्यंत उतरतो. कानटोपी आणि पायमोजे हातातल्या बॅगेत ठेवा.

आणि अस्वलं. हा ग्रिझलींचा मुलूख आहे. कोल्टर बेजवळच्या पिलग्रिम क्रीकच्या पट्ट्यात एक मादी वर्षानुवर्षं वावरली. संशोधकांनी दिलेला तिचा क्रमांक ३९९. २०२०च्या वसंतात, चोवीस वर्षांची असताना, ती चार पिल्लं घेऊन गुहेबाहेर आली आणि तिला बघायला रस्त्याकडेला शेकडो माणसं जमू लागली. २२ ऑक्टोबर २०२४ला जॅक्सनच्या दक्षिणेला, स्नेक नदीच्या घळीतल्या महामार्गावर, गाडीच्या धडकेत ती मेली. सॉल्ट लेकहून येणाऱ्यांचा हाच रस्ता. उद्यानातल्या मुख्य रस्त्यावर अंधार पडल्यावर ताशी पंचेचाळीस मैलांची मर्यादा आहे. त्या घळीतही अंधारात गाडी पळवू नये. शक्य असेल तर त्या रस्त्यावर अंधारात नसावंच.

अस्वलाचं नाक आपल्या कल्पनेपलीकडचं. म्हणून खाणं, कचरा, टूथपेस्ट, खोबरेल, उदबत्ती, वासाचं जे काही असेल ते आरव्हीच्या बंद दारामागे किंवा तिथल्या पोलादी पेटीत. भाजणीचा डबा टेबलावर विसरून फिरायला जायचं नाही. माणसाच्या अन्नाची चटक लागलेलं अस्वल पुढे वस्तीत घुसतं आणि बरेचदा त्याला मारावं लागतं. आपल्या एका विसरण्याची किंमत ते देतं. अस्वल आणि लांडग्यांपासून शंभर यार्ड, बाकी जनावरांपासून पंचवीस. मिरचीचा फवारा प्रत्येक मोठ्या माणसाच्या कमरेला हवा. तो विमानात कुठल्याच सामानात चालत नाही; तिथेच विकत घ्या आणि झाकण कसं काढायचं ते आजोबांनाही शिकवा. जळाऊ लाकूडही घरून नेऊ नका, त्यातून झाडांची कीड पसरते.

खर्चाचं एक नवं कलम. सात दिवसांचं प्रवेशशुल्क गाडीमागे पस्तीस डॉलर आहे. पण २०२६पासून अमेरिकेत न राहणाऱ्या, सोळा वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या पाहुण्यांना टीटन, यलोस्टोन धरून अकरा उद्यानांत माणशी शंभर डॉलर जादा लागतात. अनिवासी पाहुण्यांसाठी अडीचशे डॉलरचा वार्षिक पास आहे. दोन्ही उद्यानं करायची तर आईबाबांसाठी कोणता हिशेब स्वस्त पडतो ते निघण्याआधी मांडा.

हा अंक हातात आहे तोवर केबिनची चौकशी सुरू व्हायला हवी. त्यांचं आरक्षण फार आधीपासून चालतं आणि जुलैच्या चांगल्या तारखा लवकर जातात. कॅम्पग्राउंडच्या जागा मात्र बरोबर सहा महिने आधी, रोज एकेक तारीख अशा खुल्या होतात. १४ जुलैची रात्र हवी असेल तर ती १४ जानेवारीला, म्हणजे बहुधा संक्रांतीच्या दिवशी उघडते, तिथल्या सकाळी आठ वाजता. तेव्हा भारतात रात्रीचे साडेआठ झालेले असतात. मुलगा-सून त्या वेळी नोकरीवर निघायच्या गडबडीत असतील, तर पुण्यात जेवण उरकून संगणकासमोर बसलेल्या बाबांनी हे काम अंगावर घ्यावं. आरक्षणाच्या संकेतस्थळावर खातं आधी उघडून ठेवावं, आरव्हीची लांबी फुटांत लिहून घ्यावी, आणि पहिली पसंती गेली तर दुसरी तारीख कोणती ते आईला विचारून ठेवावं.